एक पंचमांशाची पायरी

टर्मिनलमध्ये ‘बीसी’ एवढं लिहून एंटर दाबलं की स्वामित्वहक्काच्या काही ओळी येतात आणि त्यांच्याखाली रिकामी जागा. बटणं नाहीत, यादी नाही, ‘इथे लिहा’ अशी खूणसुद्धा नाही. आपण गणित लिहायचं आणि एंटर दाबायचं. खालच्या ओळीत उत्तर येतं, पुन्हा रिकामी ओळ. मघाशी एखाद्या अक्षरात ठेवलेली किंमत त्याच्या लक्षात असते. शेवटचं उत्तर हवं असेल तर ‘लास्ट’ म्हटलं की पुरे. मनात आलेलं फलन तिथल्या तिथे लिहून दिलं तर तेही तो त्या बैठकीपुरतं आपलंसं करतो. इंटरनेट लागत नाही, त्यामुळे पावसात नेटवर्क गेलं तरी हा संवाद थांबत नाही. गणकयंत्र म्हणून त्याच्याबद्दल पुष्कळ सांगता येईल. मला मात्र तो वाचण्याची वस्तू म्हणून मोलाचा वाटतो. त्याच्या आत एक छोटी संहिता आहे आणि एखादी चांगली कविता वाचावी तशी ती ओळीओळीने वाचता येते.

बीसी १९७५ च्या सुमारास बेल लॅब्जमध्ये लॉरिंडा चेरी आणि रॉबर्ट मॉरिस यांनी लिहिला आणि युनिक्सच्या सहाव्या आवृत्तीबरोबर तो बाहेर आला. त्याच्याआधी मॉरिस यांचा ‘डीसी’ नावाचा गणक होता. त्याला संख्या आधी आणि क्रिया मागून सांगावी लागे. बीसीने आपल्या सवयीची लेखनपद्धत आणली आणि सुरुवातीला तो आतून डीसीलाच काम सांगत असे. पुढे फिलिप नेल्सन यांनी ग्नू प्रकल्पासाठी तो स्वतंत्रपणे नव्याने लिहिला. लिनक्सवर सहसा हाच मिळतो आणि इथलं वाचन त्याचंच आहे. सुरू करताना उणे चिन्ह जोडून ‘एल’ हे अक्षर दिलं की त्याचं गणिताचं ग्रंथालय चढतं आणि सहा फलनं हाताशी येतात: साइनसाठी एस, कोसाइनसाठी सी, आर्कटॅनसाठी ए, नैसर्गिक लॉगसाठी एल, ई च्या घातासाठी ई आणि बेसेलच्या फलनासाठी जे. पडद्यावर ही रोमन लिपीतली छोटी अक्षरं असतात. एकेका अक्षराची नावं का, तर मूळ बीसीत नावाला एकच अक्षर चालत असे.

हे ग्रंथालय बीसीच्याच भाषेत लिहिलेलं आहे, ही यातली सर्वांत सुंदर गोष्ट. ज्या माणसाला बीसीत बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार, वर्गमूळ आणि ‘जोपर्यंत’चं चक्र एवढंच येतं, त्याला ही सहाही फलनं उघडून वाचता येतात. मोजक्या पानांत ती मावतात. साइन हे यंत्रात कुठेतरी खोल पुरलेलं गूढ राहत नाही. ते आपल्यासमोर चार क्रियांतून उभं राहतं.

अलोऱ्यात बसून हे वाचताना पहिलं उदाहरण पाण्याचंच सुचतं. चिपळूण तालुक्यातलं हे गाव कोयना प्रकल्पाच्या वसाहतीमुळे ओळखलं जातं. कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयाचं पाणी सह्याद्रीच्या पोटातल्या बोगद्यांतून पोफळीच्या बाजूला उतरतं, टर्बाइन फिरवून कोळकेवाडीच्या धरणात येतं, तिथून तिसऱ्या टप्प्याच्या वीजगृहातून जाऊन वाशिष्ठीला मिळतं. चार टप्पे आणि कोयना धरणाच्या पायथ्याचं वीजगृह मिळून १९६० मेगावॉटची क्षमता. कृष्णा पाणीवाटप लवादाने असं पश्चिमेकडे वळवायला मान्य केलेलं पाणी वर्षाला ६७.५ टीएमसी आहे. टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट. त्याचे घनमीटर करायचे तर आधी एका घनफुटाचे घनमीटर हवेत. एक फूट म्हणजे नेमके ०.३०४८ मीटर, त्याचा घन करायचा.

ग्रंथालय न चढवता साध्या बीसीला .३०४८^३ विचारलं, तर तो .०२८३ सांगतो. ग्रंथालय चढवून तेच विचारलं, तर .०२८३१६८४६५९२. दुसरं उत्तर पूर्ण अचूक आहे, पहिलं मध्येच तोडलेलं. ६७.५ अब्जाने गुणल्यावर अचूक उत्तर १९१ कोटी १३ लाख ८७ हजार घनमीटर येतं आणि तोडलेलं १९१ कोटी २ लाख ५० हजार. फरक ११ लाख ३७ हजार घनमीटरचा. पाचशे मीटर उंचीवरून उतरणाऱ्या एका घनमीटर पाण्यातून, ९० टक्के कार्यक्षमता धरली तर, सव्वा युनिटच्या आसपास वीज मिळते. म्हणजे दशांशचिन्हानंतरची आठ स्थळं गळाल्यामुळे कागदावर जवळपास चौदा लाख युनिट वीज नाहीशी झाली. एवढ्या मोठ्या पाण्याची प्रत्यक्ष मोजणी इतकी काटेकोर नसते हे खरं. पण मोजणीतली चूक वेगळी आणि आपण आपल्या हाताने गणितात घातलेली चूक वेगळी.

हे घडतं ‘स्केल’मुळे. बीसीत स्केल नावाचा एक विशेष चल आहे. उत्तर दशांशचिन्हानंतर किती स्थळांपर्यंत चालवायचं ते तो ठरवतो. साध्या बीसीत स्केल शून्य असतं. तिथे दोनला तीनने भागलं तर उत्तर शून्य येतं. घात करताना मूळ संख्येला जितकी स्थळं आहेत तितकी तरी तो राखतो, म्हणून .३०४८ च्या घनाला चार स्थळं मिळाली. ग्रंथालय चढलं की स्केल वीस होतं. तुम्ही ते शंभर करा, हजार करा, त्याची ना नाही. आणि ठरवलेल्या स्थळापुढचं सगळं तो कापतो. शेवटचा अंक वर ढकलून गोळाबेरीज करत नाही, सरळ तोडतो. हा स्वभाव ध्यानात ठेवला नाही तर पुढच्या एकाही ओळीचा अर्थ लागत नाही.

आता पायकडे. बीसीत पाय नाही. एकचा आर्कटॅन म्हणजे पायचा चौथा भाग, म्हणून ज्याला पाय हवा तो ४*ए(१) लिहितो. उत्तर येतं ३.१४१५९२६५३५८९७९३२३८४४. ज्याला पायचे अंक पाठ आहेत तो इथे थांबतो, कारण वीस स्थळांच्या पायच्या शेवटी ४६ असतात आणि इथे ४४ आहेत. ए(१) विचारलं की .७८५३९८१६३३९७४४८३०९६१ येतं. आरंभीचं शून्यसुद्धा तो लिहीत नाही. ही संख्या वीस स्थळांवर तोडलेली आहे. तोडताना उरलेल्या शेपटाची चौपट झाली आणि दोन एककं कमी पडली. उपाय सोपा आहे: जितकी स्थळं हवीत त्याहून चारपाच जास्त घ्यायची आणि शेवटी आपणच कापायचं. ग्रंथालयाचे लेखक स्वतः आतमध्ये प्रत्येक फलनात नेमकं हेच करतात. काम सुरू करताना मागितलेलं स्केल बाजूला जपून ठेवायचं, स्केल वाढवायचं, वाढीव स्थळांवर सगळं गणित करायचं आणि परतताना जुनं स्केल पुन्हा लावायचं. वाढवलेली स्थळं वाचणाऱ्याला उत्तरात कुठेही दिसत नाहीत. पण उत्तराचा शेवटचा अंक त्यांच्याच जिवावर टिकतो.

ए या फलनाची संहिता सर्वांत वाचनीय आहे आणि मी तिच्यापाशीच जास्त वेळ थांबणार आहे. तिच्या गाभ्याशी एक प्रसिद्ध श्रेणी आहे: एक्स, त्यातून एक्सच्या घनाचा तिसरा भाग वजा, मग पाचव्या घाताचा पाचवा भाग अधिक, सातव्याचा सातवा भाग वजा, असं अनंतापर्यंत. युरोपात ही ग्रेगरीच्या नावाने ओळखली जाते. केरळात माधव आणि त्याच्या शिष्यपरंपरेला ती त्याआधी दोनएक शतकं माहीत होती आणि ज्येष्ठदेवाच्या युक्तिभाषेत तिची उपपत्तीही आहे. श्रेणी देखणी आहे, पण एक्स एक असेल तर ती अतिशय संथ. पदं एक, एक तृतीयांश, एक पंचमांश अशी लहान होत जातात. त्या वाटेने वीस स्थळं गाठायला कुणाचंच आयुष्य पुरणार नाही. माधवाच्या परंपरेलाही ही अडचण दिसली होती आणि त्यांनी शेवटच्या पदासाठी दुरुस्तीची सूत्रं शोधली.

बीसीच्या लेखकाने दुसरी वाट धरली. एक्स जर ०.२ पेक्षा, म्हणजे एक पंचमांशापेक्षा मोठा असेल, तर तो श्रेणीला हात लावत नाही. आधी एक्सच्या कोनातून एक पंचमांशाचा आर्कटॅन वजा करतो. हे करायला एक्समधून ०.२ वजा करायचे आणि उत्तराला एक अधिक ०.२ पट एक्स याने भागायचं. नवा एक्स अजून मोठा आहे? पुन्हा तेच. किती वेळा केलं ते एका चलात मोजत राहायचं. एक्स ०.२ च्या आत आला की मगच श्रेणी. तिथे प्रत्येक पद आधीच्या पदाच्या पंचविसाव्या भागाहूनही लहान असतं, त्यामुळे वीस स्थळांसाठी पंधरासोळा पदं पुरतात. शेवटी मोजलेल्या पायऱ्या गुणिले ०.२ चा आर्कटॅन, अधिक श्रेणीची बेरीज.

हे एकवर करून पाहावं. (खरं तर ए(१) ची किंमत साठ स्थळांपर्यंत संहितेत लिहूनच ठेवलेली आहे, पण त्याहून जास्त स्थळं मागितली की तिलाही याच वाटेने जावं लागतं.) एकमधून पहिली पायरी काढली की दोन तृतीयांश. दुसरी काढली की सात सतरांश. तिसरी काढली की नऊ छेद शेहेचाळीस, म्हणजे .१९५६. हे .२ च्या आत आलं, म्हणून बीसी इथे थांबतो आणि श्रेणी सुरू करतो. पण कागदावर अजून एक पायरी उतरून पाहा. नऊ छेद शेहेचाळीसमधून पुन्हा एक पंचमांश त्याच नियमाने काढला की उत्तर येतं उणे एक छेद दोनशे एकोणचाळीस. गणिताच्या इतिहासाची थोडी ओळख असलेल्याला हा अंक लगेच ओळखू येतो. जॉन मेचिनने १७०६ मध्ये पायची शंभर स्थळं ज्या सूत्राने काढली त्यातला हाच अंक: एक पंचमांशाच्या आर्कटॅनची चौपट, वजा एक छेद दोनशे एकोणचाळीसचा आर्कटॅन, बरोबर पायचा चौथा भाग. बीसीची संहिता मेचिनच्या सूत्रापासून एका पायरीवर उभी आहे. तिला ते ठाऊक नाही, कारण तिचा नियम फक्त पायसाठी केलेला नाही, कुठल्याही एक्ससाठी आहे. ही एक पायरी प्रथम लक्षात आली तेव्हा मला अतिशय आनंद झाला होता आणि आजही कुणाला दाखवताना होतो. मेचिनला हे सूत्र कसं सुचलं असेल हा प्रश्न विद्यार्थ्याला नेहमी पडतो. बीसीची तीन ओळींची पुनरावृत्ती वाचली की ते आकाशातून पडल्यासारखं वाटत नाही.

मोठ्याला आधी लहान करायचं, लहानाशी चिकाटीने वागायचं, मग परत मोठं करायचं. जे सोडून बाकीच्या फलनांचा जीव या हालचालीत आहे, फक्त प्रत्येक जण आपल्या स्वभावाप्रमाणे लहान करतो. ई हे फलन घातांक एकच्या आत येईपर्यंत अर्धा अर्धा करतं, श्रेणीने उत्तर काढतं आणि जितक्या वेळा अर्धं केलं तितक्या वेळा उत्तराचा वर्ग करतं. एल हे फलन संख्या दोनच्या आत येईपर्यंत वर्गमूळ घेतं आणि प्रत्येक वर्गमूळामागे शेवटचा गुणक दुप्पट करतं. एल(१०) मध्ये दोनच वर्गमुळं लागतात: ३.१६ आणि मग १.७७.

ही दोन फलनं कोयनेच्या माणसाला आणखी एका कारणाने जवळची वाटावीत. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा भूकंप ६.३ रिश्टरच्या आसपासचा होता. त्यानंतरही या पट्ट्यात लहान धक्के येत राहिले आहेत. ‘आज ३.३ चा धक्का’ अशी बातमी आली की ६.३ च्या निम्म्याएवढा असं मनाला वाटतं. रिश्टरचा एक अंक वाढला की बाहेर पडणारी ऊर्जा दहाच्या दीडाव्या घाताइतक्या पटीने वाढते. तीन अंकांचा फरक म्हणजे दहाचा साडेचारावा घात. आता बीसीत १०^४.५ लिहून पाहा. त्याला अपूर्णांकी घात करता येत नाही. तो इशारा देतो आणि दहाचा चौथा घात करून मोकळा होतो. योग्य उत्तर हवं असेल तर ई(४.५*एल(१०)) असं लिहावं लागतं. साध्या खिशातल्या गणकाने हे लपवलं असतं. इथे मात्र लिहिणाऱ्याला लॉग म्हणजे काय ते आठवावंच लागतं: दहाचा लॉग घ्या, साडेचारने गुणा, मग ई चा घात करा. उत्तर ३१६२२.७७ असं सुरू होतं. म्हणजे ६.३ च्या एका भूकंपाची ऊर्जा ३.३ च्या एकतीस हजारांहून जास्त धक्क्यांइतकी. आत काय झालं? साडेचार गुणिले एल(१०) म्हणजे १०.३६. ई ने ते चारदा अर्धं केलं, .६४७ वर श्रेणी चालवली आणि चारदा वर्ग केला.

याच फलनात एक छोटासा आकडा आहे, .४४. किती जादा स्थळांवर काम करायचं हे ठरवताना लेखक एक्सला .४४ ने गुणतो. का? ई च्या एक्साव्या घातात दशांशचिन्हाच्या डावीकडे किती अंक येणार, हे एक्सला दहाच्या पायातल्या ई च्या लॉगने, म्हणजे .४३४ ने गुणलं की कळतं. उत्तर जितकं मोठं, तितकी आतली चूकही वर्ग करताना मोठी होणार, म्हणून तितकी स्थळं आधीच जास्त घ्यायची. .४३४ च्या जागी .४४ घेतलं, थोडं वरचढ, सुरक्षित बाजूला. संहितेत याचं स्पष्टीकरण नाही. वाचणाऱ्याने शोधायचं आणि सापडलं की लेखकाची काळजी दिसते.

इथे मला कोकणातलाच एक ग्रंथकार आठवतो. मुरूडजवळच्या नांदगावचा गणेश दैवज्ञ. त्याचा ग्रहलाघव शके १४४२ चा, म्हणजे १५२० चा. पंचांग करणाऱ्यांनी तो पुढे कित्येक पिढ्या वापरला. ग्रहगणितात ज्या, म्हणजे आजच्या भाषेत साइन, पदोपदी लागते. गणेशाने ज्या पूर्णपणे वगळून साध्या गुणाकार-भागाकारांनी तीच कामं होतील अशा रीती दिल्या. शिवाय दिवसांची मोजणी कलियुगाच्या आरंभापासून करत बसण्याऐवजी त्याने अकरा वर्षांची चक्रं पाडली, एका चक्राचे ४०१६ दिवस. चक्रं बाजूला काढायची, उरलेल्या लहान संख्येवर काम करायचं. हाताने गणित करणाऱ्या ज्योतिषाला मोठ्या संख्या पेलायला लागू नयेत ही त्याची कळकळ आहे. बीसीची ई, एल आणि ए ही फलनं वाचताना मला तीच कळकळ दिसते. दोघांनीही वाचणाऱ्याकडे चार क्रियाच आहेत असं गृहीत धरलं. गणेशाने ज्या टाकून वाट काढली, बीसीने चार क्रियांतून ज्या बांधली. हाच गणेश लीलावतीवर बुद्धिविलासिनी ही टीका लिहिणारा. ज्या त्याला येत नव्हती म्हणून त्याने ती टाकली असं नाही.

साइनचं फलन थोडक्यात. कोन रेडियनमध्ये द्यायचा असतो. एस(९०) विचारलं तर .८९३९९ येतं आणि नव्या विद्यार्थ्याला धक्का बसतो. अंशांसाठी ए(१)/४५ ने गुणून घ्यावं लागतं. आतली खुबी अशी: मोठ्या कोनातून पायचे किती पूर्ण हिस्से काढायचे हे ठरवण्यासाठी लेखक क्षणभर स्केल शून्य करतो. एक्सला ए(१) ने भागतो, दोन मिळवतो, चारने भागतो. स्केल शून्य असल्याने भागाकार पूर्णांकावर तुटतो आणि हवी ती संख्या मिळते. ९० साठी ती २९ येते. विषम आहे, म्हणून चिन्ह बदलायचं. पायच्या शेवटी ज्या तोडण्याने दोन एककं खाल्ली, तेच तोडणं इथे कामाला लावलं आहे. आणि कोसाइनला स्वतःचं गणितच नाही. एक्समध्ये ए(१) ची दुप्पट मिळवायची आणि साइनला विचारायचं. ज्या आणि कोटिज्या यांचं नातं याहून कमी शब्दांत सांगता येणार नाही.

संहिता वाचताना एक चिन्ह वारंवार भेटतं: उत्तर परत देताना ‘व्ही भागिले एक’. पहिल्या वाचनात ते निरर्थक वाटतं, एकने भागून काय बदलणार? पण बीसीत बेरीज आपल्या पदांची सगळी स्थळं जपते. स्केलप्रमाणे तोडण्याचं काम भागाकार करतो. जुनं स्केल परत लावल्यावर एकने भागलं की आतली जादा स्थळं गळून पडतात आणि मागितलेल्या रूपात उत्तर बाहेर येतं. आर्कटॅनमध्ये तर एकने किंवा उणे एकने भागून चिन्ह आणि तोडणं ही दोन्ही कामं एकाच भागाकारात उरकली आहेत. काव्यात एखादा अव्ययाचा शब्द भरतीचा वाटतो आणि काढून पाहिला की ओळ कोसळते, तसं हे ‘भागिले एक’ आहे.

सगळंच मला पटतं असं नाही. शून्याचा लॉग विचारला तर बीसी उणे ९९९९… अशी वीस नवांची संख्या देतो. त्याच्या भाषेत अनंत नाही, म्हणून जमेल तितकी मोठी ऋण संख्या. पण ती खऱ्या उत्तरासारखीच दिसते आणि पुढच्या गणितात निमूटपणे शिरते. उणे पाचाचा लॉगही तो तोच सांगतो. अपूर्णांकी घाताला निदान इशारा आहे, इथे एक ओळही नाही. जिथे उत्तर नाही तिथे ‘नाही’ म्हणणं हे गणकाचं कर्तव्य आहे आणि ते इथे पाळलेलं नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

राहिलं जे. बाकीची पाच फलनं शाळा-कॉलेजात भेटतात, बेसेल मात्र बऱ्याच जणांना आयुष्यात भेटत नाही. मग सहाच फलनं ठेवायची असताना बेल लॅब्जमधल्यांनी त्याला का जागा दिली? जिथे वर्तुळ आहे आणि त्यात काही थरथरतं, तिथे ही फलनं येतात. फ्रीडरिश बेसेल खगोलशास्त्रज्ञ होता. ग्रहांच्या गतीतल्या फरकांचा विचार करताना त्याने ती पद्धतशीरपणे अभ्यासली. बीसीत जे(०,२.४०४८) विचारलं तर .०००००… असं नाही, .००००१३ असं जवळजवळ शून्य उत्तर येतं. २.४०४८ च्या जरा पुढे शून्यक्रमाचं बेसेल फलन प्रथम शून्य होतं. गोल, एकसारख्या ताणाच्या चामड्याचा मूळ सूर या संख्येने ठरतो. शिमग्याला पालखीपुढे वाजणाऱ्या ढोलाच्या कातड्यातही तीच संख्या आहे. त्याचे पुढचे सूर मूळ सुराच्या दुप्पट, तिप्पट नसतात. ते बेसेलच्या पुढच्या शून्यांप्रमाणे १.५९, २.१४ अशा आडवळणी पटींत असतात. म्हणून ढोलाचा आवाज तारेसारखा एका सुरात लागत नाही. तबला-मृदंगाच्या कातड्याला शाई लावून ते सूर ओळीत कसे येतात यावर सी. व्ही. रामन यांनी लिहिलेलं आहे.

पण अलोऱ्याला जे या अक्षराचं खरं काम सर्ज शाफ्टमध्ये. बोगद्यातून वेगाने येणारं पाणी टर्बाइनची दारं एकदम मिटली तर कुठेतरी वर चढलं पाहिजे, म्हणून दाबनलिकांच्या आधी उभी विहीर असते. भूकंपाने अशी गोल विहीर किंवा टाकी हलली की आतलं पाणी एका बाजूने वर, दुसऱ्या बाजूने खाली असं झोके घेतं. त्या झोक्याचा काळ काढायला पहिल्या क्रमाच्या बेसेल फलनाचा उतार जिथे प्रथम शून्य होतो ती जागा लागते. बीसीत उताराचं फलन नाही. पण बेसेलच्या घराण्यात एक सोयीचं नातं आहे: पहिल्याचा उतार म्हणजे शून्याव्या आणि दुसऱ्यातल्या फरकाचा अर्धा. म्हणून जे(०,एक्स) आणि जे(२,एक्स) जिथे सारखे होतात ती जागा शोधायची. १.८ घ्या, १.९ घ्या, फरकाचं चिन्ह पाहा, मध्यावर जा, पुन्हा पाहा. चारपाच ओळींचं चक्र लिहिलं की बीसी १.८४१२ वर पोचतो, तिथे दोन्ही .३१६ च्या जवळ. स्केल वाढवत नेलं तर पुढची स्थळंही तितक्याच शांतपणे येतात. एक्स फार मोठा असेल तेव्हा या श्रेणीची पदं आधी फुगतात आणि मग एकमेकांना खातात. अशा वेळी स्केल वाढवून पुन्हा विचारावं आणि दोन उत्तरं कुठपर्यंत जुळतात ते पाहावं.

आता समजा विहिरीची त्रिज्या दहा मीटर आहे आणि पाणी खोल आहे. गुरुत्वाकर्षण ९.८१ गुणिले १.८४१२ भागिले दहा, त्याचं वर्गमूळ घ्या आणि ८*ए(१), म्हणजे पायच्या दुपटीला, त्याने भागा. झोक्याचा काळ ४.६७ सेकंद. पाणी उथळ असेल तर सूत्रात टॅन-एच हे फलन येतं आणि ते सहात नाही. बीसी ते लिहायला एक ओळ मागतो: ई(२*एक्स) काढून एका चलात ठेवा, त्यातून एक वजा करा आणि त्याच चलात एक मिळवून येणाऱ्या संख्येने भागा. या सातव्या फलनाला आपण टी म्हणू. खोली पाच मीटर धरली तर टी ला ०.९२०६ द्यायचे. तो .७२६ देतो, आणि त्याच विहिरीत झोक्याचा काळ ४.६७ वरून ५.४८ सेकंदांवर जातो.